अलीची कुठली रात्र?

बॉक्सिंगमधले हेवीवेट जगज्जेते जो लुई आणि मोहम्मद अली यांची जोड लागली असती तर कोण जिंकलं असतं, या एका प्रश्नावर मी असंख्य रात्री घालवल्या आहेत आणि त्याबद्दल मला जराही खंत नाही. जुन्या लढतींच्या फिल्म्स आता कुणालाही बघायला मिळतात. आधी लुईची एक फेरी लावायची, मग अलीची, मग परत लुईची. आवाज बंद. निवेदकाच्या उत्साहानं डोळे फसतात, म्हणून नुसतं बघायचं.

लुईचे पाय बघण्यासारखे आहेत. तो नाचत नाही. जमिनीला घासत, अर्ध्या पावलानं पुढे सरकतो आणि समोरच्याला कळायच्या आत अंतर संपलेलं असतं. हात फार मागे नेत नाही. ठोसा जवळूनच सुटतो, पण त्याच्या पाठोपाठ दुसरा आणि तिसराही येतो. १९३७ ते १९४९ या काळात त्यानं जगज्जेतेपद पंचवीस वेळा राखलं. हेवीवेटमध्ये, म्हणजे सगळ्यात जड वजनगटात, तो आकडा अजून कुणाला गाठता आलेला नाही. त्याची एक खोड होती. डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून झाला की हात परत येताना खाली पडायचा. जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगनं ती फिल्म बघून हेरली आणि १९३६ मध्ये त्याच फटीतून उजव्या हाताचे ठोसे घालत बाराव्या फेरीत लुईला झोपवलं. दोन वर्षांनी यांकी स्टेडियमवर लुईनं त्याची परतफेड १२४ सेकंदांत केली.

अलीच्याही खोडी होत्या, आणि त्या तर कुणाही प्रशिक्षकाला घाम फोडतील अशा. हात कमरेपाशी, हनुवटी उघडी, आणि ठोसा आला की बाजूला न होता सरळ मागे झुकायचं. शिकाऊ पोरानं असं केलं तर त्याला पहिल्याच आठवड्यात ओरडा बसेल. अलीला ते चालून जायचं, कारण त्याची नजर आणि पाय इतरांच्या हातांपेक्षा वेगवान होते. पण डाव्या हुकला, बाजूनं वळवून मारलेल्या ठोशाला, तो सापडायचा. १९६३ मध्ये वेम्बलीवर हेन्री कूपरनं त्याला त्याच ठोशानं खाली बसवलं आणि १९७१ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला पंधराव्या फेरीत जो फ्रेझरनं आडवं केलं.

मग निकाल काय? माझा निकाल दोन तुकड्यांत आहे. १४ नोव्हेंबर १९६६ च्या रात्री ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला तीन फेऱ्यांत संपवणारा अली लुईच्या हाती लागला नसता. पंधरा फेऱ्या त्याच्याभोवती फिरत राहून गुणांवर जिंकला असता. पण १९७१ नंतरचा अली, जो दोरांना टेकून समोरच्याला दमवायचा, तो लुईसमोर दोरांना टेकला असता तर उठला नसता. दोरांवर सापडलेल्या माणसाला संपवण्यात लुईइतका नेमका कुणी झालेला नाही.

म्हणून कुणी ‘अली विरुद्ध लुई’ असं म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या रात्रीचा अली? माणूस आयुष्यभर एकाच ताकदीचा राहत नाही. रात्र ठरवा, नियम ठरवा, मग बोलू. हे न ठरवता केलेल्या ‘सर्वकालीन दहा श्रेष्ठ’ यादीवर माझा विश्वास नाही. तशी यादी करता येते यावरही नाही, आणि त्याला कारण सत्तरच्या दशकातली चार माणसं आहेत.

फ्रेझरनं १९७१ मध्ये अलीला हरवलं. मार्च १९७३ मध्ये केन नॉर्टननं अलीचा जबडा मोडून त्याला हरवलं. त्याआधी दोनच महिने, जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जॉर्ज फोरमननं याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा जमिनीवर पाडलं होतं. पुढच्या वर्षी काराकासमध्ये नॉर्टनचंही त्यानं दोन फेऱ्यांत तेच केलं. साध्या हिशेबानं अली फोरमनसमोर उभाच राहू नये. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात अलीनं फोरमनला आठव्या फेरीत नॉकआउट केलं.

हिशेब इथे चालत नाही, कारण लढत दोन शैलींची असते. फ्रेझर वाकून, डोकं पुढे घालून सरळ आत शिरायचा, म्हणजे फोरमनच्या अपरकटसमोर, खालून वर येणाऱ्या ठोशासमोर, स्वतःहून हजर व्हायचा. नॉर्टनला पुढे जायला आवडायचं, मागे रेटला गेला की तो सरळ रेषेत मागे जायचा. अली या दोन्हींपैकी काहीच करणार नव्हता. तो दोरांवर झुकला, हात वर बांधले, डोकं रिंगच्या बाहेर नेलं, मिठी मारून फोरमनची मान खाली दाबली आणि त्याचे ठोसे दंडांवर घेत राहिला. सहाव्या-सातव्या फेरीत फोरमनचे हात जड झालेले फिल्ममध्ये सरळ दिसतात.

हे लक्षात घेतलं की पुष्कळ काल्पनिक लढती वेगळ्या दिसू लागतात. माइक टायसन आणि फोरमन ही जोड घ्या. टायसन माझा आवडता. २२ नोव्हेंबर १९८६ ला विसाव्या वर्षी तो जगज्जेता झाला. त्याला घडवणारा प्रशिक्षक कस डिआमाटो वर्षभर आधीच गेला होता, तो दिवस बघायला उरला नव्हता, ही गोष्ट मला अजूनही लागते. टायसनचा व्यवस्थापक जिम जेकब्स जुन्या लढतींच्या फिल्म्सचा मोठा संग्राहक होता आणि टायसन त्या तासन्‌तास बघत बसायचा. मेलेल्या योद्ध्यांशी मनातल्या मनात लढलेला जगज्जेता म्हणून मला तो जवळचा वाटतो. पण तो पाच फूट दहा इंचांचा, फ्रेझरसारखाच आत घुसणारा. डोकं दोन्ही बाजूंना हलवण्यात तो फ्रेझरपेक्षा चपळ, आणि पहिल्या मिनिटापासून पेटलेला, तर फ्रेझरला गरम व्हायला दोन-तीन फेऱ्या लागायच्या. एवढं सगळं जमेस धरूनही १९७३ चा फोरमन त्याला आत येता येता दोन्ही हातांनी ढकलून, अंतर पुन्हा आपल्या मनासारखं करून मारणार, हे चित्र मला पुसता येत नाही. फोरमन, तिसरी फेरी. मनाविरुद्ध लिहितोय.

आता आकाराची गोष्ट. आजचे हेवीवेट प्रचंड झाले आहेत. रॉकी मार्सियानो पाच फूट साडेदहा इंचांचा, वजन ८५ किलोंच्या आतबाहेर. आज तो हेवीवेटमध्ये खेळलाच नसता, क्रूझरवेटमध्ये, म्हणजे हेवीवेटपेक्षा हलक्या गटात, गेला असता. टायसन फ्युरी सहा फूट नऊ इंच, आणि डिसेंबर २०२४ मध्ये रिंगमध्ये उतरला तेव्हा १२७ किलोंच्या वर. या दोघांची जोड लावणं मला पटत नाही. चाळीस किलोंचा फरक कौशल्यानं भरून निघतो असं म्हणणाऱ्यांनी नव्वदच्या दशकातला जगज्जेता लेनॉक्स लुईस याचा जॅब एकदा नीट बघावा.

पण आकार म्हणजे सगळं, असंही नाही. ४ जुलै १९१९ ला ओहायोतल्या टोलीडोत जॅक डेम्प्सीनं जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं, ती फिल्म मी एकदा माझ्या मामांना दाखवली होती. विलर्ड साडेसहा फुटांवरचा, १११ किलोंचा. डेम्प्सी ८५. मामा तरुणपणी सांगलीकडच्या तालमीत घाम गाळलेले, बॉक्सिंगशी संबंध शून्य. मी डेम्प्सीच्या हातांचं कौतुक करत होतो. ते म्हणाले, ‘आरं, हाताकडं काय बघतोस? त्या थोराडाचं पाय बघ की. दोन्ही पाय एका रेघंत. हा उभाच नीट नाही, मग पडंल नाही तर काय करंल?’ मी फिल्म मागे नेली. पाय खरंच एका रेषेत होते. तेव्हापासून मी आधी पायच बघतो.

पाय चांगले असतील तर लहान माणूस मोठ्याला आजही हरवतो. २००९ मध्ये न्यूरेंबर्गला डेव्हिड हे यानं सात फुटी निकोलाय वालुएव्हला गुणांवर हरवलं, दोघांच्या वजनात चव्वेचाळीस-पंचेचाळीस किलोंचा फरक होता. आणि क्रूझरवेटमधून वर आलेल्या ओलेक्सांदर उसिकनं २०२४ मध्ये रियाधला फ्युरीला एकदा नव्हे, दोनदा हरवलं. उसिक जुन्या मापाचा हेवीवेट आहे, सहा फूट तीन इंच, म्हणजे अलीएवढाच. डावखुरा, बारा फेऱ्या पायांवर. उसिक आणि १९६६ चा अली ही आजच्या आणि कालच्या माणसांतली एकच जोड मला बरोबरीची वाटते. तिचा निकाल मी अजून लावू शकलेलो नाही.

या सगळ्यापेक्षा मला जास्त गुंतवतो तो फेऱ्यांचा प्रश्न. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला कोरियाचा डुक-कू किम रे मॅन्सिनीविरुद्ध लाइटवेटची लढत लढला, चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर जागतिक संघटनांनी एकेक करत पंधरा फेऱ्यांच्या बारा केल्या. बरोबरच केलं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या तीन फेऱ्या काढून घेतल्या की मागचा इतिहास कसा उलटापालटा होतो ते बघा.

१८ जून १९४१, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. लाइट हेवीवेटमधून वर आलेला, अंगानं बारीक बिली कॉन लुईसमोर उभा आहे. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा दोन गुणपत्रकांवर कॉन पुढे, तिसऱ्यावर बरोबरी. आजचा नियम असता तर घंटा वाजली असती आणि कॉन जगज्जेता झाला असता. तेरावी फेरी होती. कॉनला गुणांवरचा विजय पुरेसा वाटला नाही, तो लुईला पाडायला पुढे आला, आणि फेरी संपायला दोन सेकंद उरली असताना स्वतः पडलेला होता.

२३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. आव्हानवीर मार्सियानो, जगज्जेता जर्सी जो वॉलकॉट. पहिल्याच फेरीत वॉलकॉटनं मार्सियानोला पाडलं. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही गुणपत्रकांवर वॉलकॉट पुढे. तेराव्या फेरीत मार्सियानोचा उजवा हात आखूड अंतरातून सुटला आणि वॉलकॉट दोराला एक हात अडकवून तसाच खाली घसरला. मार्सियानो ४९ लढती खेळून एकही न हरता निवृत्त झाला, आणि तो आकडा आजही लोक मंत्रासारखा म्हणतात. बारा फेऱ्यांच्या जगात त्यात एक पराभव असता.

यानं मार्सियानो लहान होतो असं मला वाटत नाही, उलट मोठाच वाटतो. तेराव्या फेरीत तो ठोसा मारता यावा म्हणून तो माणूस रोज मैलोन्‌मैल पळायचा. त्याची सगळी शैलीच पंधरा फेऱ्यांच्या हिशेबानं बांधलेली होती. दंड, खांदे, बरगड्या, जिथे लागेल तिथे मारायचं, म्हणजे दहाव्या फेरीनंतर समोरच्याचे हात वर येत नाहीत. त्याला बारा फेऱ्यांत आणून उभं करणं म्हणजे त्याचं अर्धं हत्यार काढून घेणं. आणि आजच्या जगज्जेत्याला पंधरा फेऱ्यांत नेणं म्हणजे त्यानं कधी न पाहिलेल्या मुलखात सोडणं. जॅक जॉन्सनला तर १९१५ मध्ये हवानाच्या उन्हात ४५ फेऱ्यांची लढत होती. सव्विसाव्या फेरीत विलर्डनं त्याला खाली आणलं तेव्हा जॉन्सन सदतीस वर्षांचा होता.

काही वेळा मात्र दोन काळ खरोखरच एकमेकांसमोर उभे राहिले. जानेवारी १९८० मध्ये दिल्लीत अली एका प्रदर्शनीय लढतीत आपल्या कौर सिंगसमोर उतरला होता. लोकांना फक्त त्याला बघायचं होतं, आणि तेवढंच पुरे व्हायला हवं होतं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लास वेगासमध्ये त्याला लॅरी होम्ससमोर उभं केलं गेलं. होम्स एकेकाळी त्याचाच सरावातला जोडीदार. दहा फेऱ्यांनंतर अलीच्या कॉर्नरनं, म्हणजे त्याच्या प्रशिक्षकांनी, लढत थांबवली. मी ती एकदाच पाहिली आहे आणि पुन्हा पाहणार नाही. पुढच्या वर्षी बहामात ट्रेव्हर बर्बिकनं अलीला शेवटचं हरवलं, आणि याच बर्बिकला हरवून टायसन जगज्जेता झाला. होम्सला टायसननं १९८८ मध्ये चौथ्या फेरीत पाडलं, पण तोही अडतीस वर्षांचा, निवृत्तीतून परत आलेला. अशा लढती काळाचा पुरावा म्हणून पुढे केल्या जातात. त्यातून फक्त वय कळतं.

अपवाद फोरमन. ५ नोव्हेंबर १९९४ ला, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यानं सव्वीस वर्षांच्या मायकेल मूररला दहाव्या फेरीत नॉकआउट करून जगज्जेतेपद परत मिळवलं. अंगात किन्शासातलीच लाल चड्डी. कॉर्नरमध्ये प्रशिक्षक अँजेलो डंडी, जो किन्शासात अलीच्या बाजूला होता. नऊ फेऱ्या मार खाल्लेल्या, पाय दगड झालेल्या माणसाचा उजवा हात वीस वर्षांनी तसाच होता. ताकद सगळ्यात शेवटी जाते असं बॉक्सिंगमधले जुने लोक म्हणतात, ते मी त्या रात्रीवरून मान्य केलं.

पण या खेळाच्या काल्पनिक लढतींत निरागसपणा नेहमी नसतो, हेही सांगितलं पाहिजे. निवृत्त, अपराजित योद्ध्याला परत आणून ‘खरा श्रेष्ठ कोण’ ते ठरवायची हौस १९१० मध्येच फिटवली गेली होती. जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता, आणि गोऱ्या अमेरिकेला तो सहन होत नव्हता. म्हणून जिम जेफ्रीजला शेतावरून उठवून रिनोत जॉन्सनसमोर उभं केलं. जेफ्रीज जगज्जेता असताना त्यानं कृष्णवर्णीयांशी पदासाठी लढायला नकार दिला होता. १५ व्या फेरीत जॉन्सननं त्याला संपवलं आणि त्या रात्री अनेक शहरांत दंगली होऊन माणसं मेली.

काळानं न जुळलेल्या जोडींचं मला दुःख नाही, त्यात कल्पनेचा आनंद आहे. माणसांनी होऊ न दिलेल्या जोडींचं आहे. कृष्णवर्णीय पीटर जॅक्सन १८९१ मध्ये जिम कॉर्बेटशी ६१ फेऱ्या लढला आणि निकाल लागला नाही, पण तेव्हाच्या जगज्जेत्या जॉन एल. सलिव्हननं कातडीच्या रंगामुळे त्याला कधी जवळ येऊ दिलं नाही. तसाच कृष्णवर्णीय असलेल्या सॅम लँगफर्डला हेवीवेटच्या जगज्जेतेपदाची एकही संधी मिळाली नाही, आणि ती नाकारणाऱ्यांत जॉन्सनही होता. हॅरी विल्सही कृष्णवर्णीय; तो वर्षानुवर्षं डेम्प्सीच्या दारात उभा राहिला, करारही झाले, लढत झाली नाही. डेम्प्सी आणि टायसन यांवर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. डेम्प्सी आणि विल्स एकाच देशात, एकाच काळात, दोघंही भरात होते, आणि त्या लढतीची एक फूटही फिल्म नाही. विल्स उंच, ताकदीचा, मिठीत घेऊन मारणारा होता. पहिल्या दोन फेऱ्यांत डेम्प्सीनं त्याला गाठलं नसतं तर पुढची लढत विल्सची होती, असं मी मानतो.

आणि अली. १९६७ मध्ये मरी वोरोनर नावाच्या रेडिओ निर्मात्यानं कॉम्प्युटरच्या मदतीनं सर्वकालीन हेवीवेटची स्पर्धा भरवली. तिच्यात अलीला कुणाकडून हरवलं, तर जेफ्रीजकडून. अलीनं दावा ठोकला. शेवटी तडजोड झाली आणि १९६९ मध्ये मायामीच्या एका स्टुडिओत अली आणि मार्सियानो यांनी कॅमेऱ्यासमोर एकेक मिनिटाच्या कितीतरी फेऱ्या खेळल्या. वेगवेगळे शेवट चित्रित केले, निकाल कॉम्प्युटर सांगणार होता. मार्सियानो ४५ वर्षांचा, वीसेक किलो उतरवून, डोक्यावर केसांचा टोप लावून आलेला. दोघांची तिथे छान गट्टी जमली असं म्हणतात. ३१ ऑगस्टला मार्सियानो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये सिनेमा दाखवला तेव्हा अमेरिकेत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला, आणि ब्रिटनमध्ये दाखवलेल्या प्रतीत अली.

ती फिल्म बघताना माझं लक्ष निकालाकडे जात नाही. अली सत्तावीस वर्षांचा आहे. व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिला म्हणून एप्रिल १९६७ मध्ये त्याचं पद आणि परवाना काढून घेतलेला. जगातल्या सगळ्यात चांगल्या हेवीवेटला त्याच्या सगळ्यात चांगल्या वयात फक्त खोटं लढायची मुभा होती. मार्च १९६७ मध्ये त्यानं झोरा फॉलीला सातव्या फेरीत संपवलं तेव्हा तो पंचवीसचा होता. ऑक्टोबर १९७० मध्ये अटलांटात जेरी क्वारीसमोर परत आला तेव्हा अठ्ठावीसचा, आणि पाय पहिल्यासारखे नव्हते. मधली साडेतीन वर्षं कुणीच पाहिली नाहीत.

म्हणून माझ्या यादीतली पहिली जोड दोन वेगळ्या काळांतली नाही. ४ मार्च १९६८ च्या रात्री नव्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये फ्रेझरनं बस्टर मॅथिसला अकराव्या फेरीत हरवून न्यूयॉर्कच्या मान्यतेचं, अलीकडून काढून घेतलेलं पद मिळवलं. त्या रात्री मॅथिसच्या जागी अली हवा होता. फ्रेझर चोवीस वर्षांचा, अजून १९७१ इतका पक्का न झालेला. अली सव्वीसचा, पाय शाबूत. फ्रेझरचा डावा हुक दोन-तीनदा नक्की लागला असता, बहुधा चौथ्या आणि नवव्या फेरीत, आणि अली एकदा गुडघ्यावर आलाही असता. पण त्या पायांनी त्याला दुसरा हुक येईपर्यंत तिथे ठेवलं नसतं. अली, पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर, तिन्ही अधिकाऱ्यांच्या एकमतानं.